आवाज पडला तर नाव खोडा

आमच्या डॉक्टरभाऊंचा स्वतःच्या कानांवर जितका विश्वास होता तितका एक्स-रेवरही नव्हता. पेशंट दारातून आत येऊन बोलू लागला की ते डोळे मिटून घ्यायचे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, वयस्कर माणूस आहे, जेवण झालंय, झोप येत असेल. मग कळलं की ते पेशंटचा आवाज ऐकून घेत असतात. 'पोट दुखते म्हनते, पण पोट नाई होय, घरी भांडण झालं हाय,' असं ते मला हळूच सांगायचे आणि पुष्कळदा त्यांचा अंदाज साफ चुकायचा. पोटच दुखत असायचं. चुकलं की मात्र लगेच कबूल करायचे, 'आज कान जाम हाय.'

गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याच्या अलीकडे जंगलाला लागून असलेल्या एका ग्रामीण रुग्णालयाचे ते मुख्य डॉक्टर होते आणि मी सक्तीच्या सरकारी सेवेच्या बाँडवर आलेली कराडकडची मुलगी. सारा गाव त्यांना डॉक्टरभाऊ म्हणायचा. मी सर म्हणायचे, ते त्यांना आवडत नसे. 'सर शाळेत असते,' म्हणायचे. मी तरीही सरच म्हणत राहिले. कराडच्या माणसाची जीभ सहजासहजी वळत नाही.

माझ्यासारखे बाँडवाले डॉक्टर तिथे येत आणि पीजीला जागा मिळाली की जात. डॉक्टरभाऊंना त्यांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत, किंवा त्यांनी ती ठेवली नाहीत. जो ज्या हंगामात गेला त्या हंगामानं ते त्याला ओळखत. एक रोवण्यातला होता, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत गेलेला. एक मोहातली होती, मोह फुलला तेव्हा गेलेली. 'मोहातली चांगलं प्लास्टर घालाची,' असं कौतुक करताना त्यांचा चेहरा इतका हळवा व्हायचा की मला त्या न पाहिलेल्या बाईचा थोडा रागच यायचा. मी कोणत्या हंगामातली होणार, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, आणि मला ते लवकरात लवकर व्हायचं होतं.

त्यांचा एक कायदा होता. जे तोंडानं सांगता येत नाही ते कागदावर लिहायचं नाही. पेशंटशी बोलताना ते पेनाला टोपण लावून ठेवत. आल्या आल्या मी एका माणसाच्या केसपेपरवर मधुमेह लिहिलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"त्याले सांगतलं का?"

"हो, सांगितलं ना. मधुमेह आहे म्हटलं."

"हे सांगनं नाई होय. हे वाचून दाखोनं होय." मग ते त्या माणसाकडे वळले. "भाऊ, तुह्या रक्तात साखर वाढली हाय. यानं तू आज मरत नाई. पण गोळी रोज खा लागते. बरं वाटलं तरी खा लागते. समजलं काय?" माणसानं मान हलवली. डॉक्टरभाऊंनी टोपण काढलं आणि पेन मला परत दिलं.

हे सगळं मला आधी नाटक वाटायचं. बाहेर रांग लागलेली, आत हे प्रवचन. पण एकदा एका लहान मुलीच्या रक्तात सिकलसेल, म्हणजे जन्मभर पुरणारा रक्ताचा आजार, निघाला. तिची आई समोर बसली होती. डॉक्टरभाऊंनी तोंड उघडलं आणि त्यांचा आवाज मधेच बसला. ते उठले, आवारातल्या मोहाच्या झाडाला एक फेरी मारून आले, पुन्हा बसले, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा आवाज बसला. पुन्हा फेरी. ती आई आणि मी दोघी खिडकीतून त्यांना चालताना बघत होतो. तिसऱ्यांदा त्यांना नीट सांगता आलं, आणि सांगून झाल्यावर त्या बाईनं एकही प्रश्न विचारला नाही, कारण विचारायचं काही उरलंच नव्हतं. तेव्हापासून मी रांगेबद्दल कुरकुर करणं सोडलं.

माझं स्वतःचं दुखणं वेगळं होतं. पीजीची परीक्षा मी तिसऱ्यांदा दिली होती आणि रँक आली होती अशी की धड हसताही येईना, रडताही येईना. आता प्रश्न होता प्रवेशासाठी पसंतीच्या जागांची यादी किती लांब करायची. मैत्रीण फोनवर म्हणाली, 'वेडी आहेस का, दिसेल ते टाक. प्रत्येक ब्रँच, प्रत्येक राज्य. यादी लांब तर जागा पक्की.' आई म्हणाली, 'काहीही घे, पण या वर्षी घे.' पण प्रवेशाच्या तिसऱ्या फेरीचा नियम असा की जे मिळेल ते घ्यावंच लागतं. नाकारलं तर खेळ संपला. म्हणजे यादी आखूड ठेवली तर हात हलवत राहायची भीती, आणि लांब केली तर जन्मभर नको ते काम करायची भीती. दोन्ही भीती मला एकदमच वाटत होत्या. मला लहान मुलांची डॉक्टर व्हायचं होतं. पण 'व्हायचं होतं' हे शब्द तिसऱ्या प्रयत्नाला कोण ऐकतं?

गावात नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मिळायचं. तिथे बसून, डास मारत मी लांबलचक यादी तयार केली. इतकी लांब की मलाच ती पाहून धीर आला. दुसऱ्या दिवशी ओपीडी आटोपल्यावर व्हरांड्यात डॉक्टरभाऊंना दाखवायला गेले. त्यांनी मोबाइल हातातही घेतला नाही.

"मले नोको दाखवू. जनाबाईले सांग."

जनाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातली म्हातारी. तिचा नातू मलेरियाच्या तापानं भरती होता आणि आता ताप उतरल्यामुळे तिला गप्पांना माणूस हवंच होतं.

"तिला काय सांगू?"

"घरी फोन करून जसं सांगशील तसं. समज का भेटली जागा. एक एक सांग. मी आइकतो." असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

मला हसू आलं आणि थोडी चीडही आली. पण मी सांगायला लागले. "जनाबाई, मला नागपूरला क्ष-किरण विभागात जागा मिळाली."

"मंजे काय कराचं?"

"फोटो पाहायचे. अंधाऱ्या खोलीत बसून."

"कोनाचे?"

"पेशंटचे."

"अन् पेशंट?"

"तो बाहेर असतो."

जनाबाईनं विचार केला. "बरं हाय. ऊन नाई लागत."

डॉक्टरभाऊंचा हात कानाच्या पाळीकडे गेला. बोलणाऱ्याचा आवाज पडला की ते स्वतःची कानाची पाळी ओढत. हे मला ठाऊक होतं आणि मी मनात म्हटलं, पडला तर पडला, नागपूर आहे, नावाजलेली ब्रँच आहे. पण पुढचं सांगताना मीही स्वतःचा आवाज ऐकायला लागले होते. न्यायवैद्यक म्हटलं. मेलेल्या माणसाचं मरण कशानं आलं ते पाहायचं, असं समजावलं. जनाबाईनं विचारलं, "मंग ते त्याले सांगता काय?" डॉक्टरभाऊ डोळे मिटूनच हसले आणि कान ओढला. पुण्याची भूलशास्त्राची एक जागा सांगितली, आई जिच्यासाठी नवस बोलली असती अशी. माझा आवाज वाक्य संपायच्या आतच खाली बसला. हे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. ही कामं वाईट नव्हती, माझे हुशार मित्र ती आनंदानं करत होते. मला ती सांगता येत नव्हती, एवढंच.

मग मी म्हटलं, "जनाबाई, मला मदुराईला लहान मुलांची डॉक्टर व्हायला जागा मिळाली."

"कुठी आलं ते?"

"लांब. दक्षिणेला. बल्लारशावरून गाडी जाते."

"तिथी आपल्यासारखं बोलते काय?"

"नाही."

"मंग पोराच्या मायले कसं सांगशील, पोरगं बरं हाय म्हणून?"

"शिकेन."

हे मी इतकं पटकन आणि इतकं मोठ्यानं म्हटलं की आतून नर्सनं डोकावून पाहिलं. डॉक्टरभाऊंचा हात मांडीवरून हलला नव्हता. त्यानंतर मी देशाच्या चारी टोकांची गावं सांगितली, जिथलं मला अक्षरही वाचता आलं नसतं अशी, आणि बालरोग म्हटलं की माझा आवाज सरळ जात होता. मला वाटत होतं मला लांब जायची भीती आहे. भीती भलत्याच गोष्टीची होती.

"झालं तं मंग," ते म्हणाले. "आवाज पडला ते नाव खोडा."

"सर, मग उरतं काय? निम्म्याहून जास्त यादी जाईल. आणि काहीच मिळालं नाही तर?"

तेव्हा त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. ती त्यांनी आधीही सांगितली होती, पण तुकड्यातुकड्यानं. त्यांच्या वेळी हे मोबाइलवर नव्हतं. मुंबईला जायचं, मोठ्या हॉलमध्ये बसायचं. समोर फळ्यावर उरलेल्या जागा. आपलं नाव पुकारलं की उभं राहून कोणती जागा हवी ते सगळ्यांदेखत सांगायचं. त्यांना सर्जरी हवी होती. त्यांच्या आधी दोन-चार माणसं असताना शेवटची सर्जरी गेली. मग त्यांचं नाव आलं. ते उभे राहिले. फळ्यावर अजून पुष्कळ काही होतं.

"एक नाव सांगाले तोंड उघडलं, अन् आवाजच नाई फुटला. साहेब म्हने, बोला. मी उभा. साहेब म्हने, बोला ना भाऊ. मंग म्हने, पुढचा." ते हसले. "माही यादी माह्या गळ्यानं कापली."

"मग पस्तावा झाला का?"

"झाला ना. काऊन नाई होणार? अजूनबी कोनाचं अपेंडिक्स गडचिरोलीले पाठोतो तं हात शिवशिवते." त्यांनी हात मांडीवर पालथा ठेवला. "पण पस्तावा झाला मंजे चुकलंच असं नाई."

मी यादीतलं शेवटचं नाव मुद्दाम मागे ठेवलं होतं. म्हटलं, "जनाबाई, मला चंद्रपूरला लहान मुलांची डॉक्टर व्हायला जागा मिळाली. सुटी मिळाली की इकडे येत जाईन." आणि डॉक्टरभाऊंनी कानाची पाळी ओढली.

"माझा आवाज पडला नाही," मी म्हटलं. मला खरंच राग आला होता.

"तुहा नाई पडला." त्यांनी डोळे उघडले. "माह्या कानाचं होय ते. हे नाव मलेच आइकाचं होतं. म्हणून या नावाले माह्या कानावर भरोसा ठेवू नोको. अन् खरं सांगू काय, हे सारं मी तुह्या भल्याचं सांगून राह्यलो का माह्या, हेबी मले समजून नाई राह्यलं. यादी आखूड केली अन् जागा नाई भेटली, तं तू इथीच राहशील. मले दुसरा डॉक्टर भेटते. बसल्याबसल्या बोलाले माणूस भेटते. तं तू जनाबाईले विचार."

जनाबाई म्हणाली, "चंद्रपूरले माही पोरगी दिली हाय. लिव." तिनं निकाल देऊन टाकला.

त्या संध्याकाळी मी पाळीवर बसून क्ष-किरण खोडलं, न्यायवैद्यक खोडलं, पुणं खोडलं. फक्त बालरोग ठेवलं, पण देशात जिथे जिथे होतं तिथे तिथे ठेवलं. सगळ्यात वर चंद्रपूर. आईला सांगितलं तर ती फोनवर नुसती 'बरं' म्हणाली, आणि तिच्या त्या एका शब्दाचा आवाजही पडलेला मला ऐकू आला. तळ्यात लोक होडगी घेऊन जाळी सोडत होते. मी बटण दाबून यादी पाठवली.

पहिल्या फेरीत काही मिळालं नाही. मी डॉक्टरभाऊंना सांगितलं, ते 'अरेरे' म्हणाले आणि संध्याकाळी घरून मासोळीचा रस्सा पाठवला. दुसऱ्या फेरीतही नाही. चंद्रपूर अगदी थोडक्यानं हुकलं होतं. पुन्हा 'अरेरे', पुन्हा रस्सा, आणि या वेळी सोबत तांदळाच्या भाकरी. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते माझ्या क्वार्टरच्या दारात येऊन उभे राहिले. "बाई, मी काल खूश झालो होतो," म्हणाले. "हे बरं नाई. तुले सांगून टाकलं." आणि निघून गेले. त्या माणसावर रागावायचं तरी कसं, हे मला कधीच जमलं नाही.

तिसऱ्या फेरीत मदुराई लागलं.

आसपास धानाची कापणी चालू होती. निकाल मी पाळीवर पाहिला आणि तशीच धावत त्यांच्याकडे गेले. त्यांनी मला तीनदा सांगायला लावलं. तिन्ही वेळा डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "जमते. जा."

डॉक्टर जाणार असला की ते स्वतः लोकांना सांगत. त्यासाठी बाजाराचा दिवस धरायचा, कारण तेव्हा आसपासच्या सगळ्या गावांची माणसं ओपीडीला येत. मोहातलीचं, रोवण्यातल्याचं, सगळ्यांचं त्यांनी असंच सांगितलं होतं. त्या दिवशी व्हरांडा गच्च भरला होता. जनाबाईही नातवाला दाखवायला घेऊन आली होती. डॉक्टरभाऊ पायरीवर उभे राहिले.

"आइका. आपली डॉक्टरीण बाई आता..."

एवढंच. त्यांनी खाकरून पाहिलं. पाणी प्यायले. "आपली बाई..." पुन्हा आवाज गेला. मग ते काही न बोलता पायरी उतरले आणि मोहाच्या झाडाकडे निघाले. सगळा व्हरांडा त्यांना बघत होता. एक फेरी झाली. दुसरी झाली. परत येऊन उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर स्वतःची कानाची पाळी ओढली.

"माह्या कायद्यानं हे खोडाले पाह्यजे," ते मला म्हणाले. "पण यादी माही नाई होय. तुही होय. तूच सांग."

मी पायरीवर चढले. सांगितलं. त्यांच्या बोलीत सांगितलं, त्या गावात आल्यापासून पहिल्यांदाच. "मी जाऊन राह्यली. लहान पोरांची डॉक्टर बनाले." माझा आवाज पडला नाही. त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटला होता. आज वाटतं, थोडा पडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"आवाज बरा हाय," ते लोकांना म्हणाले. "जाऊ द्या तिले."

बल्लारशाच्या स्टेशनवर ते आले नाहीत. ओपीडी होती. जनाबाईनं सुकवलेल्या मासोळ्यांची पुडी दिली होती, तिचा वास डब्यातल्या माणसांना पार शेवटपर्यंत पुरला.

मदुराईत मी तमिळ शिकले. सगळ्यात आधी शिकले ते 'मूल बरं आहे' हे वाक्य. नर्सेस माझ्या उच्चारांना हसायच्या, मुलांच्या आया मात्र कधी हसल्या नाहीत. पेनाला टोपण लावून मी ते वाक्य म्हणते, आईचा चेहरा सैल होतो, मग टोपण काढते. आणि दर वेळी मनातल्या मनात तेच पुन्हा एकदा म्हणते, बाई, पोरगं बरं हाय तुह्यं. ते ऐकायला तिथे कुणी नसतं. काम मला आवडतं, यादी बरोबर होती, त्याबद्दल माझी कसलीच तक्रार नाही. पण दुपारी ओपीडी संपली की मला तो व्हरांडा आठवतो, आणि कुणीतरी डोळे मिटून माझं ऐकावं असं इतकं वाटतं की मी कॅन्टीनमध्ये जाऊन उगाच गर्दीत बसते.

डॉक्टरभाऊ मधल्या काळात निवृत्त झाले. आता चंद्रपूर जिल्ह्यात सावली गावाजवळच्या त्यांच्या गावी असतात. फोन केला की आधी बरंच बोलायचे, मग हळूहळू 'काय? काय म्हनते?' जास्त होऊ लागलं. शेवटी त्यांच्या बायकोनं, काकूंनी, सांगितलं की त्यांना ऐकू येत नाही. मशीन आणलं होतं, ते त्यांनी डब्यात ठेवून दिलं. त्यातून सगळ्यांचे आवाज सारखेच येतात म्हणे, आणि तसं ऐकण्यापेक्षा न ऐकलेलं बरं.

गेल्या महिन्यात माझं एमडी संपलं. पुन्हा एक यादी करायची वेळ आली, कुठे नोकरी करायची याची. मैत्रिणीनं पुन्हा सांगितलं, मोठी शहरं सगळी टाक. या वेळी मी एकच नाव ठरवलं. कुरखेड्याच्या अलीकडचं. तिथे आता ते नाहीत, त्यांच्या खुर्चीवर दुसरं कुणी आहे, हे मला माहीत आहे. तरी कागदावर लिहायच्या आधी तोंडानं सांगायला हवं होतं. मी खोलीचं दार लावलं आणि फोन केला. काकूंनी उचलला.

पलीकडून त्यांचा आवाज आला, "कोन हाय?"

"धानातली," काकू मोठ्यानं म्हणाल्या. म्हणजे मी धानातली झाले होते.

"काय म्हनते?"

"काकू, त्यांना सांगा, मी परत येऊन राह्यली. आपल्या दवाखान्यात." एवढं वाक्य बोलताना मला दोनदा थांबावं लागलं. माझ्या आवाजाला काय झालं होतं कुणास ठाऊक.

"परत येतो म्हनते," काकू ओरडल्या. "आपल्या दवाखान्यात."

मग डॉक्टरभाऊंनी विचारलं, "आवाज कसा हाय तिचा?"

खोटं बोलणं त्या घरात चालत नसे. "पडला हाय," त्या म्हणाल्या. "पार पडला हाय."

मी फोन कानाला धरून उभी राहिले. कायदा मला पाठ होता.

"मंग लवकर ये म्हना तिले," डॉक्टरभाऊ म्हणाले.